पिल्लांचा तुरा पांढरा पडतो तेव्हा आत काय बिघडलेलं असतं

प्रश्न असा आहे. मोहोळ तालुक्यातलं ५,००० पक्ष्यांचं ब्रॉयलर शेड. बाराव्या दिवसापर्यंत बॅच छान चालली होती. तेराव्या दिवसापासून रोज आठ-दहा पिल्लं जायला लागली आणि सोळाव्या दिवशी मर एकदम चाळीसवर गेली. पिल्लं पेंगतात, तुरे आणि पाय पांढरटलेत, काहींच्या पंखाखाली निळसर-काळे डाग आहेत. तीन दिवस लोहाचं टॉनिक पाजलं, काही उतार पडला नाही. गंबोरोची, म्हणजे बर्सा ग्रंथीच्या विषाणू आजाराची, लस अजून द्यायची आहे. हा संसर्गजन्य रक्तक्षय, म्हणजे चिकन इन्फेक्शस ॲनिमिया आहे का? असेल तर रक्तात आणि अवयवांत नेमकं काय होतं, आणि आता करायचं काय?

वय, मरीचा चढ आणि पांढरे तुरे, तिन्ही गोष्टी या आजाराशी जुळतात. पण टॉनिकचा उपयोग का झाला नाही, हे आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. या पिल्लांना लोह कमी पडलेलं नाही. रक्त जिथे तयार होतं ती जागाच बंद पडली आहे. चूल विझलेली असताना डब्यात पीठ भरून भाकरी होत नाही. शिवाय पांढरा तुरा हा निम्माच आजार आहे. उरलेला निम्मा गळ्यातल्या थायमस ग्रंथीत घडतो, बाहेरून दिसत नाही, आणि बॅचचा पैसा बहुतेक वेळा तिथेच बुडतो.

हा विषाणू १९७९ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा वेगळा केला गेला. आकार जेमतेम २५ नॅनोमीटर, आत डीएनएचं एकपदरी वर्तुळ, आणि बाहेर चरबीचं आवरण नाही. आवरण नसणं ही बारीक बाब वाटेल, पण शेड धुताना तीच आडवी येते. त्याबद्दल खाली लिहिलं आहे. आजार कोंबडीचा आहे, माणसाला होत नाही.

पिल्लाच्या शरीरात शिरल्यावर विषाणू दोन ठिकाणच्या कोवळ्या पेशी गाठतो. पहिलं ठिकाण हाडातला मगज, म्हणजे अस्थिमज्जा. तिथे सगळ्या रक्तपेशींची मूळ पेशी असते. तिच्यापासून तांबड्या पेशी होतात, हेटेरोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी होतात आणि रक्त गोठवणारे थ्रोम्बोसाइटही होतात. विषाणूला वाढायला सतत विभागणाऱ्या पेशी लागतात, म्हणून तो नेमक्या याच मूळ पेशींत घुसतो. त्याच्या व्हीपी-३ या प्रथिनामुळे पेशी आपणहून मरते. या प्रथिनाला अपॉप्टिन म्हणतात, आणि ते कर्कपेशींनाही मारतं म्हणून माणसाच्या कॅन्सरच्या संशोधनातही त्याचा अभ्यास झाला आहे. मेलेल्या मूळ पेशींच्या जागी चरबी भरते. मगज तांबडा न राहता गुलाबी, मग पिवळट-पांढरा होतो.

आता हिशोब बघा. माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, कोंबडीची साधारण महिनाभर. म्हणजे पिल्लाच्या रक्तातल्या पेशी रोज मोठ्या प्रमाणात बदलाव्या लागतात, त्यात ब्रॉयलरचं वजन रोज वाढत असल्यानं रक्ताचं एकूण प्रमाणही वाढवावं लागतं. आठवडाभर नवीन माल आला नाही तरी रक्त पातळ होतं. प्रयोगात एक दिवसाच्या पिल्लांना विषाणू टोचल्यावर साधारण सहाव्या-आठव्या दिवसापासून मगज रिकामा होऊ लागतो, आठव्या-दहाव्या दिवसापासून रक्तक्षय दिसू लागतो आणि चौदा ते एकवीस दिवसांत तो शिगेला पोचतो. अंड्यातूनच विषाणू घेऊन आलेली पिल्लं म्हणूनच दहा-बारा दिवस धडधाकट दिसतात आणि मग एकाएकी ढासळतात. बाराव्या दिवसापर्यंत बॅच छान होती, या तुमच्या वाक्यात आजाराची घडी अगदी बरोबर आली आहे.

एकाच मूळ पेशीपासून तिन्ही जाती होत असल्यामुळे नुकसानही तिपेडी असतं. तांबड्या पेशी घटल्या की प्राणवायू पोचत नाही, पिल्लू पेंगतं, ब्रूडरजवळ गोळा होतं. थ्रोम्बोसाइट घटले की रक्त गोठायला वेळ लागतो आणि बारीकशा दाबानं त्वचेखाली, मांसात रक्त साकळतं. पंखाला धरून उचललेल्या पिल्लांच्या पंखाखाली डाग येतात ते यामुळे. हेटेरोफिल घटले की त्या साकळलेल्या, ओलसर जागेत स्टॅफिलोकोकस आणि क्लॉस्ट्रिडियम जिवाणू वाढतात, कातडी सडते. त्यालाच 'निळा पंख' म्हणतात. तुमच्या शेडमधले डाग अजून कोरडे, निळसर आहेत की चिघळून पाणी सुटू लागलंय, हे रोज बघा. चिघळले तर मरीचं दुसरं कारण सुरू झालं असं समजा.

दुसरं ठिकाण थायमस. मानेच्या दोन्ही बाजूंना शिरेलगत मण्यांच्या माळेसारखे प्रत्येकी सुमारे सात खंड असतात. आजाराशी लढणाऱ्या टी-पेशी इथे तयार होतात. विषाणू थायमसच्या बाहेरच्या थरातल्या कोवळ्या पेशी मारतो आणि ग्रंथी सुकून जाते. विषाणू लागलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशींना सर्वांत जास्त फटका बसतो. मग मानमोडीची (राणीखेतची) लस वेळेवर, नीट दिलेली असूनही चढत नाही, गाठी आणणाऱ्या मरेक आजाराची लस कमी पडते, एरवी साधी सर्दी म्हणून निघून गेली असती ती ई-कोलाय जिवाणूच्या संसर्गात जाते. मोठ्या वयाच्या पक्ष्याला संसर्ग झाला तर तुरा पांढरा होत नाही, कारण दोन आठवड्यांनंतर रक्तक्षयाविरुद्ध वयाचं संरक्षण येतं. पण टी-पेशींचा फटका तेव्हाही बसतो. 'या बॅचला काही ना काही चालूच राहिलं, वजन आलं नाही, एफसीआर (किलोभर वजनाला लागणारं खाद्य) बिघडला' अशा कित्येक बॅचच्या मुळाशी हा न दिसणारा प्रकार असतो. आणि गंबोरो सोबत असेल तर वयाचं संरक्षणही उरत नाही, मोठ्या पिल्लांनाही रक्तक्षय होतो.

बाकी अवयवांतलं नुकसान बहुतांशी या दोन गोष्टींचा परिणाम आहे. यकृत फिकट, कधी सुजलेलं आणि ठिपकेदार दिसतं. गिझार्डच्या अलीकडच्या ग्रंथीच्या पोटात आतल्या अस्तरावर रक्ताचे ठिपके असतात. छातीचं आणि मांडीचं मांस पांढुरकं, त्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. बर्सा, म्हणजे गुदद्वाराजवळची प्रतिकारशक्तीची ग्रंथी, कधी लहान होतो, पण थायमसएवढा नाही. हा फरक लक्षात ठेवा, निदानात कामी येतो.

निदानासाठी मेलेली पिल्लं पोत्यात साठवून संध्याकाळी दाखवायची सवय इथे घात करते. सोलापूरच्या उन्हात, चाळीस अंशांच्या पुढे, दोन-तीन तासांत मगज आणि थायमस बघण्यालायक राहत नाहीत. नुकतीच मेलेली दोन आणि मरणाच्या दारातली तीन-चार अशी पाच-सहा पिल्लं, आणि तुलनेसाठी त्याच शेडमधलं एक तरतरीत पिल्लू, एवढी पशुवैद्यकांसमोर सकाळी सातच्या आत ठेवा.

पिल्लू उताणं ठेवून मानेची कातडी उभी फाडली की दोन्ही बाजूंना थायमस दिसतो. निरोगी पिल्लात तो भरलेला, फिकट गुलाबी-पांढरा असतो. आजारी पिल्लात खंड शोधावे लागतात, सापडले तर बारीक आणि काळपट-लाल. मग मांडीचं हाड मांसातून मोकळं करून कात्रीचं टोक एका टोकाला खुपसून उभं चिरा. आडवं मोडलं तर मगज चुरगाळतो आणि रंग कळत नाही. तरतरीत पिल्लाचं हाडही तसंच चिरून दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. एकात गडद तांबडा मगज आणि दुसऱ्यात चरबीसारखा पिवळट-गुलाबी दिसला की सांगायला कोणी लागत नाही. मात्र पाच-सहांपैकी बहुतेकांत असं दिसायला हवं. एकट्यादुकट्या हाडावरून निष्कर्ष काढू नका.

याहून भक्कम आणि अतिशय स्वस्त तपासणी म्हणजे पीसीव्ही, रक्तातल्या पेशींचं शेकडा प्रमाण. ती मात्र जिवंत पिल्लांवर करायची. पंखाखालच्या शिरेतून हेपारिन लावलेल्या ७५ मिलिमीटरच्या काचेच्या केशनलिकेत रक्त घ्यायचं, टोक मेणमातीनं बंद करायचं, मायक्रोहिमॅटोक्रिट सेंट्रिफ्यूजवर १२,००० फेऱ्यांनी पाच मिनिटं फिरवायचं. समजा एकूण रक्ताचा स्तंभ ६० मिलिमीटर आणि त्यात खाली बसलेला तांबडा भाग १२ मिलिमीटर, तर पीसीव्ही २०. निरोगी पिल्लात तो साधारण २९ ते ३५ असतो, २७ च्या खाली रक्तक्षय समजतात, आणि या आजारात तो ६ पर्यंतही उतरलेला सापडतो. आठ-दहा पिल्लांचं मोजा, त्यात निम्मी बरी दिसणारी घ्या. टोचलेल्या जागी कापूस मिनिटभर दाबून धरा, या पिल्लांचं रक्त लवकर थांबत नाही.

पण पिवळा मगज आणि कमी पीसीव्ही एवढ्यानं नाव पक्कं होत नाही. आपल्या भागात पहिला संशय मक्याचा घ्यायला हवा. परतीच्या पावसात भिजलेला, नीट न वाळवता पोत्यात भरलेला मका आला की अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष येतं, आणि त्यानंही मगज फिकट पडतो, थायमस सुकतो. तिथे बर्साही तितकाच लहान होतो आणि यकृत पिवळं, ठिसूळ असतं. कॉक्सीसाठी (आतड्यातल्या परजीवीच्या आजारासाठी) सल्फा औषध जास्त मात्रेत किंवा जास्त दिवस गेलं असेल तरी मगज बंद पडतो आणि मांसात रक्त साकळतं. दहाव्या दिवसानंतर पाण्यातून काय काय दिलं, मात्रा किती होती, हे वहीतून काढून ठेवा. गंबोरोत बर्सा आधी सुजतो, त्यात रक्त किंवा चिकट पाणी असतं, मगज सहसा चांगला राहतो. यकृतशोथाच्या ॲडिनोव्हायरसमध्ये यकृत जास्त बिघडलेलं आणि हृदयाभोवती पाणी साठलेलं दिसतं. कॉक्सीत अंधांत्रात रक्त सापडतं, ते उघडून बघायला अर्धा मिनिट लागतो. परसातल्या गावरान पिल्लांत असेच पांढरे तुरे दिसले तर आधी खुराड्याच्या फटीतले गोचीड रात्री बॅटरीनं शोधा.

पक्कं करायचं असेल तर थायमस, मगज आणि यकृताचे तुकडे थर्मोकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून पीसीआरसाठी (विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी), आणि त्याच अवयवांचे पाच मिलिमीटर जाडीचे काप दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात, सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी पाठवा. फॉर्मॅलिनचा नमुना बर्फात गोठवायचा नाही. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांचं पत्र घेऊन नमुने पुण्याच्या औंध इथल्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे नेता येतात. या विषाणूची पीसीआर सध्या कुठे होते, हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या. सोबत खाद्याचा अर्धा-एक किलो नमुना, चार-पाच पोत्यांतून थोडा थोडा घेतलेला, अफलाटॉक्सिनसाठी द्या. एक सावधगिरी: हा विषाणू जवळजवळ सगळीकडे आहे. नुसता पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणजे मर त्यामुळेच, असं होत नाही. वय, मगज, थायमस आणि पीसीव्ही एका बाजूला झुकले आणि पीसीआरनं दुजोरा दिला, तरच बोट ठेवा.

आता शेडमध्ये करायचं काय. विषाणूवर औषध नाही. लोहाचं टॉनिक बंद करा. 'के' व्हिटॅमिनचाही इथे फारसा उपयोग नाही, कारण अडचण थ्रोम्बोसाइटची आहे. सल्फा गटातलं काहीही देऊ नका, बिचाऱ्या मगजाला आणखी मार नको. प्रतिजैविक फक्त जिवाणूंचा दुसरा संसर्ग दिसत असेल तर, पशुवैद्यकांनी सांगितलेलं, सांगितलेल्या मात्रेत आणि विक्रीआधीचा बंदीकाळ पाळून. कोलिस्टिन मागू नका, खाद्यप्राण्यांसाठी २०१९ पासून देशात त्यावर बंदी आहे.

खरं काम हवा, ऊब आणि हाताळणीत आहे. रक्तात प्राणवायू वाहणारेच कमी असताना अमोनियाचा वास सुटलेल्या शेडमध्ये पिल्लू दुप्पट वेगानं संपतं. हिवाळ्याच्या रात्री थंडीच्या भीतीनं पडदे वरपर्यंत बांधून टाकतात, तिथे हमखास घात होतो. पडदे खालून बंद ठेवा, वरची हात-दीड हात पट्टी मोकळी राहू द्या. सोळाव्या दिवशी निरोगी पिल्लांना २६-२७ अंश पुरतात, अशक्त पिल्लांच्या कप्प्यात २८-२९ ठेवा. उन्हाळ्यात उलट, दुपारी त्यांना हलवू नका, फॉगर-पंखे अकराच्या आत सुरू करा, खाद्य सकाळी लवकर आणि संध्याकाळी. धापा टाकायलाही रक्त लागतं.

पेंगणारी, पांढरी पिल्लं पत्र्याच्या गोल कप्प्यात वेगळी काढा, भांडी त्यांच्या पाठीच्या उंचीला आणा. पंखाला धरून उचलायचं नाही, दोन्ही हातांत अंगासकट घ्यायचं. गादी, म्हणजे जमिनीवर अंथरलेला भुसा, हातात दाबली तर गोळा व्हायला नको, भुसा ओला झालेला भाग पाण्याच्या भांड्यांखालून रोज काढा. वाचलेली पिल्लं सावरतात, हे लक्षात ठेवून घाईनं सगळी मारू नका. संसर्गानंतर तीन-चार आठवड्यांत मगज पुन्हा तांबडा होतो, पीसीव्ही वर येतो. वजन मात्र मागे राहतं. जी सडलेल्या कातडीची आहेत, उभीच राहत नाहीत, ती काढून टाकावी लागतात. मेलेली पिल्लं बोअरपासून दूर खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, ओढ्याला टाकू नका.

गंबोरोच्या लसीचा निर्णय नाजूक आहे. मर चढती असताना जिवंत लस दिली तर ती नीट चढत नाही आणि पिल्लावर ताण येतो. न दिली तर आईकडून आलेली प्रतिकारशक्ती उतरत असताना पिल्लू उघडं पडतं, आणि गंबोरो आलाच तर रक्तक्षय आणखी चिघळतो. दोन-तीन दिवस थांबून मर उतरणीला लागली की मध्यम ताकदीची लस द्यावी, तीव्र ताकदीची टाळावी, हा माझा कल आहे. आजूबाजूच्या शेडमध्ये गंबोरो चालू असेल तर पशुवैद्यकांना ते सांगूनच ठरवा, तिथे थांबणं महागात पडू शकतं. त्यापुढचा लासोटाचा (मानमोडीच्या लसीचा) डोस पाण्यातून द्या, फवारून नको.

साधारण सतराव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत मर जास्त राहते. एकूण मर बहुधा पाच-दहा टक्क्यांत आवरते, सोबत दुसरा आजार असेल तर तीस टक्के किंवा त्याहून वर जाते. तिसाव्या दिवसाच्या पुढे मर पुन्हा थोडी चढली तर घाबरू नका: पहिल्या पिल्लांच्या विष्ठेतून विषाणू घेतलेल्यांची ती दुसरी लाट असते.

हा आजार तुमच्या शेडमध्ये सुरू झालेला नसण्याचीच शक्यता मोठी आहे. अंडी देणाऱ्या आई-कोंबड्यांना आधी संसर्ग झालेला नसेल, त्यांच्या अंगात प्रतिपिंडं नसतील, आणि ऐन अंड्यावर असताना विषाणू लागला, तर पुढचे तीन ते नऊ आठवडे अंड्यातून तो पिल्लांत उतरतो. आईत प्रतिपिंडं असतील तर ती पिल्लाला पहिले तीन आठवडे राखतात, म्हणजे नेमका धोक्याचा काळ निघून जातो. म्हणून लस पिल्लांना नाही, आई-कोंबड्यांना साधारण ९ ते १५ आठवड्यांच्या वयात, पहिलं अंडं उबवायला घेण्याच्या निदान सहा आठवडे आधी द्यायची असते. अंड्यावर आल्यावर जिवंत लस दिली तर लसीचा विषाणूच अंड्यातून जाऊ शकतो. लस दिली एवढ्यावर न थांबता सोळा-अठरा आठवड्यांना एलायझा ही रक्ततपासणी करून कळपभर प्रतिपिंडं आलीत का ते बघणं, ही हॅचरीची जबाबदारी आहे.

तेव्हा पिल्लांच्या खोक्यावरची चिठ्ठी फेकू नका. तिच्यावरचा आई-कळपाचा क्रमांक, उबवणीची तारीख, खोक्यांची संख्या वहीत उतरवा, आणि कोणत्या खोक्यांची पिल्लं शेडच्या कोणत्या टोकाला सोडली तेही लिहा. एका टोकाला मर आणि दुसरं टोक ठीक, असं निघालं तर कंपनीच्या सुपरवायझरपुढे ठेवायला तो बळकट पुरावा आहे. आई-कळपाचं वय विचारा. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरुण कळपाची पिल्लं असतील तर संशय वाढतो. त्याच दिवशी त्याच कळपाची पिल्लं बार्शी-पंढरपूरकडे कुणाला गेली असतील तर त्यांचीही मर विचारा. करारावर पक्षी घेत असलात तरी हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कारण मर तुमच्या मोबदल्यातून कापली जाते.

बॅच गेल्यावर शेड धुणं. बाहेर चरबीचं आवरण नसल्यामुळे साबणी जंतुनाशकं, क्वाटर्नरी अमोनियमची औषधं, फिनॉल यांचा या विषाणूवर भरवसा धरता येत नाही. ८० अंशांवर पंधरा मिनिटं तापवूनही तो टिकलेला आढळला आहे, त्यामुळे फ्लेमगन भरभर फिरवून समाधान मानू नका. धुरीनंही तो पूर्ण जात नाही. आयोडीन आणि हायपोक्लोराइट परिणाम करतात, पण तीव्र द्रावणात, बराच वेळ ओलं राहून, आणि घाण आधी निघालेली असेल तरच. म्हणून सगळी गादी बाहेर, शेडपासून लांब. जाळ्या, खांबांचे कोपरे, पडद्यांच्या घड्या ब्रशनं घासा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा, मगच क्लोरीन. आपल्याकडचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी क्षारी, पीएच आठच्या पुढचा, त्यात क्लोरीनची ताकद घटते. पाण्याचा पीएच पट्टीनं तपासा आणि द्रावण दर वेळी ताजं करा. ब्लीचिंग पावडरची उघडी, ओल लागलेली पिशवी वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. त्यानंतर चुना मारून शेड पंधरा दिवस रिकामं ठेवा.

उद्या सकाळी पिल्लांची हाडं चिराल तेव्हा कागदावर शेजारी ठेवलेल्या दोन्ही मगजांचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून ठेवा, बल्बच्या पिवळ्या उजेडात नको. त्यात पिवळा आणि गुलाबी एकसारखेच दिसतात.